रोमिओ-ज्युलिएट: ग्रहांनी काय केलं, माणसांनी काय केलं

‘रोडरोमिओंचा बंदोबस्त करा’ ही मागणी आपल्याकडे कॉलेजं सुरू झाली की ठरलेली. मुलींच्या मागे फिरणारा, कोपऱ्यावर उभा राहून शिट्ट्या मारणारा टवाळ पोरगा म्हणजे रोमिओ, असा अर्थ मराठीत त्या नावाला चिकटला आहे. मूळ नाटकातल्या रोमिओवर हा मोठा अन्याय आहे. तो ज्युलिएटला भेटतो रविवारी रात्री आणि सोमवारी दुपारी तिच्याशी लग्न करतो. लग्नाचा विषयही तिनेच काढलेला असतो.

नाव सगळ्यांना ठाऊक, पण गोष्ट दोन ओळींपुरतीच माहीत असते. दोन घराण्यांचं वैर, त्यांच्या मुलामुलीचं प्रेम, शेवटी दोघांचा मृत्यू. ‘बिचाऱ्यांचं नशीबच खोटं’ म्हणून आपण पुढे जातो. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत होतो. मग एकदा नाटक सावकाश, एकेक प्रवेश थांबून वाचलं आणि प्रत्येक वळणावर स्वतःला एकच प्रश्न विचारत गेलो: हे इथे कोणी ठरवलं? उत्तरं कागदावर लिहीत गेलो तेव्हा नशिबाच्या रकान्यात दोन-तीनच नोंदी आल्या. बाकी सगळा कागद माणसांच्या नावांनी भरला, आणि त्यांत वयाने मोठी, जबाबदार, शहाणी म्हणवणारी माणसंच जास्त होती.

शेक्सपिअरने हे नाटक १५९५ च्या सुमारास लिहिलं. १५९७ साली ते पहिल्यांदा छापलं गेलं. गोष्ट त्याच्या पदरची नव्हती. इटलीत ती आधीपासून सांगितली जात होती आणि आर्थर ब्रुक नावाच्या कवीने १५६२ मध्ये ती इंग्रजी पद्यात आणली होती. ब्रुकच्या काव्यात गोष्ट कित्येक महिने चालते आणि ज्युलिएट सोळा वर्षांची आहे. शेक्सपिअरने तिला तेरा वर्षांची केली, चौदावा वाढदिवस अवघ्या पंधरवड्यावर आलेली. आणि महिन्यांची गोष्ट चार-पाच दिवसांत आणली. ब्रुक प्रस्तावनेत सरळ प्रेमिकांनाच बोल लावतो, की आईवडिलांचं न ऐकणाऱ्यांची अशी गत होते. शेक्सपिअर तसं काही म्हणत नाही. तो फक्त घड्याळाचे काटे जोरात फिरवतो आणि त्या घाईत कोण कसं वागतं ते दाखवतो.

नाटकाच्या पहिल्याच चौदा ओळींत सूत्रधार सगळा शेवट सांगून टाकतो. या दोघांचे ग्रह फिरलेले आहेत, ते मरणार आहेत आणि त्यांच्या मरणानेच आईबापांचं वैर मिटणार आहे. त्या काळचा इंग्रज प्रेक्षक ग्रहताऱ्यांवर आपल्याकडच्या पत्रिका बघणाऱ्यांइतकाच विश्वास ठेवणारा होता. शेवट आधीच कळलेला असल्यामुळे प्रेक्षक पुढचे दोन तास ‘काय होणार’ हे बघत नाही. ‘हे टळलं असतं का’ हे बघत बसतो. आणि दर थोड्या वेळाने त्याला वाटतं, हो, आत्ता इथे टळलं असतं.

रविवार ते सोमवार

व्हेरोना हे इटलीतलं शहर. ऐन जुलैचा उन्हाळा. कॅप्युलेट आणि माँटेग्यू ही तिथली दोन बडी घराणी. त्यांचं वैर कशावरून, हे नाटकात कुठेही सांगितलेलं नाही. वैर जुनं आहे, एवढंच. नोकर भर रस्त्यात एकमेकांना डिवचतात, मारामारी जुंपते, दोन्ही घरांचे म्हातारे मालकही तलवारी मागतात आणि त्यांच्या बायका त्यांना आवरतात. शहराचा राजा एस्कलस येऊन बजावतो, की पुन्हा रस्त्यावर दंगा केलात तर जीव गमवाल. त्यानंतर थोड्याच वेळाने म्हातारा कॅप्युलेट म्हणतो, की आमच्यासारख्या वय झालेल्या माणसांना शांतता पाळणं काही अवघड जाऊ नये. खरं आहे, अवघड नव्हतंच. पण दोघांपैकी एकही जण दुसऱ्याच्या दाराशी जात नाही.

नशिबाच्या रकान्यातली पहिली नोंद इथे. कॅप्युलेटच्या घरी रात्री मेजवानी आहे. पाहुण्यांची यादी ज्या नोकराच्या हाती दिली, त्याला अक्षरओळखच नाही. तो रस्त्यात भेटलेल्या एका तरुणाला यादी वाचून दाखवायला सांगतो आणि तो तरुण नेमका रोमिओ माँटेग्यू निघतो. यादीत रोझलिनचं नाव असतं. तोपर्यंत रोमिओ याच रोझलिनसाठी उसासे टाकत असतो. तिला बघायला म्हणून तो मुखवटा घालून शत्रूच्या घरी जातो आणि तिथे ज्युलिएट दिसते. योगायोग म्हणावा तो एवढाच. जायचं ठरवलं त्याने स्वतः, आणि तेही मनात काहीतरी वाईट घडणार असं येत असताना.

मेजवानीत ज्युलिएटचा मामेभाऊ टिबाल्ट रोमिओला आवाजावरून ओळखतो आणि तलवार मागवतो. कॅप्युलेट त्याला दटावतो. वर म्हणतो, की हा मुलगा सद्गुणी आहे, वळणाचा आहे, सगळं व्हेरोना त्याचं नाव घेतं. हे वाक्य मी पुस्तकात पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवलं आहे. मुलीच्या बापाचं या मुलाबद्दलचं खरं मत हे आहे, आणि ते त्याने भर घरात, स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवलं आहे. पुढे जे झालं त्यात त्याचं हे मत त्याला परत कोणी विचारलंच नाही.

मग तो प्रसिद्ध बागेतला प्रवेश. गंमत म्हणजे ‘बाल्कनी’ हा शब्द नाटकात एकदाही येत नाही. ज्युलिएट वर खिडकीशी आहे, एवढंच कळतं. व्हेरोनात पर्यटकांना दाखवतात ती बाल्कनी त्या जुन्या घराला विसाव्या शतकात बसवलेली आहे. आणखी एक गैरसमज तिच्या त्या वाक्याबद्दल. ‘रोमिओ, तू कुठे आहेस’ असं ती म्हणते, असं पुष्कळांना वाटतं. ती विचारते, ‘रोमिओ, तू रोमिओच का आहेस?’ नेमका त्याच घरात, त्याच आडनावाने का जन्मलास, हा तिचा प्रश्न आहे. तेरा वर्षांच्या मुलीने सगळ्या वैराच्या मुळावर बोट ठेवलं आहे. हात नाही, पाय नाही, चेहरा नाही, मग नाव म्हणजे माणसाचं असतं तरी काय?

या प्रवेशात रोमिओ हवेत आहे आणि ज्युलिएट जमिनीवर. तो चंद्राची शपथ घ्यायला जातो, ती म्हणते चंद्राची नको, तो महिनाभर बदलत असतो. ती त्याला पहिल्यांदा विचारते, तू भिंत चढून आलास कसा, आमच्या लोकांनी पाहिलं तर मारतील. हे सगळं फार अविचारी, फार अचानक होतंय, विजेसारखं, हेही तीच म्हणते. आणि मग अट तीच घालते: हेतू लग्नाचा असेल तर उद्या निरोप पाठव, कुठे आणि कधी ते सांग. हे तिचं उतावळेपण नाही. ज्या घरात मुलीचं लग्न कधीही, कोणाशीही ठरू शकतं, तिथे तिच्या हातात एवढी एकच गोष्ट आहे आणि ती तिने नीट ओळखली आहे.

सोमवारी पहाटे रोमिओ फ्रायर लॉरेन्सकडे जातो. हा मठातला ख्रिस्ती साधू, वनस्पतींचा जाणकार, दोघांनाही ओळखणारा. रोमिओ येतो तेव्हा तो टोपलीत पानंफुलं गोळा करत असतो. एकाच फुलाच्या सालीत विष आणि औषध दोन्ही असतं, असं तो मनाशी म्हणतो. काल रोझलिन, आज ज्युलिएट, हे ऐकून तो रोमिओची कानउघाडणीही करतो. सावकाश चाल, धावणारा अडखळतो, असं बजावतो. आणि त्याच दिवशी दुपारी लग्न लावून देतो. कारण त्याच्या मनात येतं, की या लग्नाने दोन घराण्यांचं वैर मिटेल. हेतू चांगलाच आहे. पण वैर मिटायचं तर लग्न दोन्ही घरांना कळायला हवं, आणि त्याने ते लपवलं. राजाकडे जाता आलं असतं. राजा त्याला मान देतो, हे शेवटी दिसतंच. तो गेला नाही. माझ्या कागदावर सगळ्यात वर त्याचं नाव आहे. तो वाईट माणूस आहे म्हणून नव्हे. ही गाठ त्याने बांधली आणि तिचं दुसरं टोक त्याच्याशिवाय कोणाच्याच हाती राहिलं नाही.

लग्नाला तासभर झाला असेल-नसेल, तोच रस्त्यात टिबाल्ट रोमिओला अडवतो. रोमिओ लढायला नकार देतो. कॅप्युलेट हे नाव मला माझ्याच नावाइतकं प्रिय आहे, असं म्हणतो. आपल्याला कळतं तो असं का बोलतोय. चौकात उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणालाही कळत नाही. त्याचा मित्र मर्क्युशिओ, नाटकातला सगळ्यात हजरजबाबी, बोलघेवडा माणूस, हे बघून लाजेने पेटतो. माझा मित्र भ्याला, असंच त्याला वाटतं. तो स्वतः तलवार उपसतो. रोमिओ दोघांच्या मध्ये पडतो आणि त्याच्या हाताखालून टिबाल्टची तलवार मर्क्युशिओच्या अंगात घुसते. ‘मध्ये कशाला आलास रे? तुझ्या हाताखालून लागलं मला,’ असं मर्क्युशिओ विचारतो. रोमिओ म्हणतो, ‘मला वाटलं, चांगलंच होईल.’

या नाटकातल्या जवळजवळ प्रत्येकाला हे वाक्य कधी ना कधी म्हणता आलं असतं. गुप्ततेची किंमत इथे पहिल्यांदा चुकती झाली. ‘हा आता माझा मेहुणा आहे’ एवढं एक वाक्य रोमिओला मोठ्याने बोलता आलं असतं तर मर्क्युशिओ कदाचित हसत घरी गेला असता. इथपर्यंतचं नाटक तसं विनोदीच चाललेलं असतं. थट्टा, मेजवानी, गुपचूप लग्न, लुडबुड करणारी दाई. मर्क्युशिओ ‘तुमच्या दोन्ही घरांचं वाटोळं होवो’ असा शाप देऊन मरतो आणि त्याच्याबरोबर हसू संपतं.

त्यानंतर रोमिओने टिबाल्टला मारणं ही मात्र पूर्णपणे त्याची निवड. राजाचा हुकूम त्याला माहीत आहे, आपलं आत्ताच लग्न झालंय हेही माहीत आहे. तरी तो तलवार उचलतो, आणि टिबाल्ट पडल्यावर म्हणतो, ‘मी दैवाच्या हातचं खेळणं झालो.’ दैवाचं नाव तो घेतो ते तलवार चालवून झाल्यावर. राजा देहदंडाऐवजी हद्दपारी देतो. रोमिओला मान्टुआला जावं लागणार. व्हेरोनाहून मान्टुआ साधारण ४० किलोमीटर, घोड्यावरून काही तासांचं अंतर. पुढे सगळं या काही तासांवर येऊन ठेपतं.

ज्युलिएटचं घर एकेक दार लावून घेतं

लोकांना बागेतला प्रवेश आठवतो. मला सगळ्यात मोठा वाटतो तो मंगळवारी सकाळचा, तिसऱ्या अंकाचा शेवटचा प्रवेश. तो कळायला सोमवार रात्रीची एक छोटीशी गोष्ट आधी सांगायला हवी.

रविवारी पॅरिस नावाच्या सरदाराने ज्युलिएटला मागणी घातली होती, तेव्हा कॅप्युलेटने शहाण्या बापासारखं उत्तर दिलं होतं. मुलगी लहान आहे, अजून दोन उन्हाळे जाऊ दे, तिचं मन जिंक, तिची संमती असेल तरच माझी. बाकीची मुलं गेली, ही एकटी राहिली आहे, असंही तो सांगतो. आणि सोमवारी रात्री, भाच्याच्या मृत्यूच्या गोंधळात, तोच बाप पॅरिसला परस्पर शब्द देऊन बसतो. हा संवाद फार छोटा आहे. आज वार कोणता? सोमवार. मग बुधवार फार जवळ होईल, गुरुवार ठरला. मुलगी माझ्या शब्दाबाहेर नाही. एवढ्यात लग्न ठरतं. आणि हे खाली चाललेलं असताना वरच्या खोलीत रोमिओ आणि ज्युलिएट यांची पहिली आणि शेवटची रात्र चालू आहे.

पहाटे रोमिओ खिडकीतून उतरून जातो. तो जातो न जातो तोच आई खोलीत येते आणि गुरुवारी लग्न असल्याची ‘आनंदाची बातमी’ देते. ज्युलिएट नकार देते. नवरा होणारा माणूस अजून माझ्याशी धड बोललाही नाही आणि लग्नाची ही घाई कसली, असं ती विचारते. वडील येतात. सुरुवातीला गोड बोलतात. नकार ऐकल्यावर त्यांची भाषा बदलते. ती गुडघे टेकून म्हणते, बाबा, माझं एक वाक्य शांतपणे ऐकून घ्या. ते म्हणतात, बोलू नकोस, उत्तर देऊ नकोस, माझे हात शिवशिवताहेत. गुरुवारी चर्चमध्ये चल, नाहीतर फरफटत नेईन. नाही आलीस तर भीक माग, उपाशी मर, रस्त्यावर मर, तू माझी कोणी नाहीस. दोन दिवसांपूर्वी ‘तिची संमती’ म्हणणारा हाच माणूस. तिला ते एक वाक्य बोलू दिलं असतं तर ते काय असतं, याचा विचार मी पुष्कळदा करतो. कदाचित तिने सगळं सांगून टाकलं असतं. आणि नवऱ्याचं नाव ऐकून त्या बापाला स्वतःचंच रविवारचं बोलणं आठवलं असतं.

वडील निघून जातात. ती आईकडे वळते. आई, मला टाकू नकोस, लग्न महिनाभर, निदान आठवडाभर पुढे ढकल. आई म्हणते, माझ्याशी बोलू नकोस, तुला हवं ते कर, माझा तुझा संबंध संपला. आणि जाते.

मग उरते दाई. ही नुसती कामाची बाई नाही. हिने ज्युलिएटला अंगावर पाजलं आहे. हिची स्वतःची मुलगी सुझन ज्युलिएटच्याच वयाची होती, ती गेली. ज्युलिएटचे निरोप हिने नेले, लग्नाची व्यवस्था हिने केली, दोराची शिडी हिने आणली. आता ज्युलिएट तिला विचारते, दाई, हे कसं थांबवायचं? काहीतरी सांग, धीर दे. दाई थोडा विचार करते आणि म्हणते, की मला वाटतं तू पॅरिसशीच लग्न करावंस. मोठा देखणा माणूस आहे. रोमिओ त्याच्यापुढे पोतेरं. आणि तो तर इथून गेल्यातच जमा.

ज्युलिएट विचारते, ‘हे तू मनापासून बोलतेयस?’ दाई म्हणते, ‘मनापासून आणि जिवापासून.’ ज्युलिएट फक्त ‘तथास्तु’ म्हणते. दाईला कळत नाही, ती विचारते, ‘काय?’ ज्युलिएट म्हणते, ‘तू मला फार धीर दिलास. जा, आईला सांग, मी फ्रायरकडे पापाची कबुली द्यायला गेले.’

त्या ‘तथास्तु’पाशी ज्युलिएटचं बालपण संपलं. आयुष्यात पहिल्यांदा ती दाईशी खोटं बोलते. दाईच्या मनात काही काळंबेरं नाही. ती पोटावर जगणारी म्हातारी बाई आहे. मालकाचा राग तिने आत्ताच पाहिला आहे, त्याने तिलाही झिडकारलं आहे. तिच्या दृष्टीने ती मुलीला वाचवायचाच रस्ता सांगते आहे. पण एका सकाळीत बाप, आई आणि दाई अशी तीन दारं बंद झाली. ज्युलिएटने जीव द्यायचा विचार केला तो प्रेमाच्या नशेत, असं म्हणणाऱ्यांनी हा प्रवेश पुन्हा वाचावा. ती फ्रायरकडे जाते तेव्हा तिच्याशी नीट बोलणारं दुसरं कोणीही त्या शहरात उरलेलं नाही.

फ्रायर तिला एक कुपी देतो. प्याल्यावर ४२ तास देह मेल्यासारखा होईल. घरचे तुला घराण्याच्या थडग्याच्या तळघरात ठेवतील, मी रोमिओला पत्र पाठवतो, जागी होशील तेव्हा तो आणि मी तिथे असू. पुन्हा गुप्त योजना, आणि आधीच्यापेक्षा धोक्याची. याच वेळी तिच्या वडिलांना जाऊन ‘हिचं लग्न मी लावलंय’ असं सांगणं त्याच्या हातात होतं. तसं केलं असतं तर त्याच्या अंगाशी आलं असतं, तिचा जीव वाचला असता.

ज्युलिएट घरी येऊन वडिलांची माफी मागते आणि लग्नाला तयार असल्याचं सांगते. वडील इतके खुश होतात, की लग्न एक दिवस अलीकडे, बुधवारी ओढतात. या एका दिवसाचं महत्त्व फार आहे. पत्र पोहोचायला फ्रायरला मिळणारा वेळ बापाच्या आनंदात कापला गेला. कोणाचं वाईट व्हावं म्हणून नाही. लग्नघरात असतो तसा उत्साह आणि लगबग, आचाऱ्यांना बोलावणं, रात्रभर जागरण.

रात्री कुपी हातात घेऊन ती एकटी बसते. एकदा दाईला हाक मारावीशी वाटते, मग म्हणते ती येऊन काय करणार, हे मला एकटीलाच करायचं आहे. तिच्या मनात येणाऱ्या शंका अगदी व्यवहारी आहेत. औषध लागूच पडलं नाही तर? फ्रायरने स्वतःचं नाव झाकायला खरंच विष दिलं असेल तर? रोमिओ यायच्या आधी जाग आली आणि तळघरात श्वास कोंडला तर? नुकत्याच पुरलेल्या टिबाल्टशेजारी, पूर्वजांच्या हाडांमध्ये वेड लागलं तर? सगळं मोजून, घाबरून, मग ती ते पिते. या नाटकात निर्णय घेण्याआधी इतका विचार करणारं दुसरं कोणीही नाही.

न पोहोचलेलं पत्र

पत्र का पोहोचलं नाही, हे बहुतेकांना अर्धंच माहीत असतं. फ्रायर लॉरेन्सने पत्र फ्रायर जॉन नावाच्या साधूकडे दिलं. जॉन सोबतीला म्हणून दुसऱ्या एका साधूला घ्यायला गेला. तो एका घरी आजाऱ्यांची विचारपूस करत होता. त्या घरात साथीचा रोग असल्याचा संशय शहराच्या तपासनिसांना आला आणि त्यांनी दोघांना आत ठेवून दार सील केलं. पत्र न्यायलाच काय, परत पाठवायलाही माणूस मिळेना, इतके लोक घाबरलेले.

हे वाचताना २०२० सालचे आपले सील केलेले मजले आणि बांबू लावलेल्या गल्ल्या डोळ्यांपुढे येतात. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात झालेल्या घरझडत्याही आठवतात. शेक्सपिअरच्या प्रेक्षकांसाठी तर ही कालपरवाची गोष्ट होती. १५९२ ते १५९४ या काळात प्लेगमुळे लंडनची नाटकघरं बराच काळ बंद होती. तेव्हा हा प्रसंग गोष्ट पुढे ढकलायला ओढूनताणून आणलेला नाही. नशिबाच्या रकान्यातली ही सगळ्यात ठळक नोंद.

तरीही याच पत्राच्या मागे माणसाची एक चूक दडलेली आहे. रोमिओ हद्दपार होऊन निघताना फ्रायरने त्याला शब्द दिला होता, की तुझा नोकर मी शोधून काढीन आणि इथली खबर त्याच्याकडून वेळोवेळी तुला कळवत राहीन. हा नोकर म्हणजे बाल्थझर. ऐन वेळी फ्रायरने त्याला शोधलंच नाही. पत्र दिलं जॉनकडे. बाल्थझरला योजनेचा पत्ता नाही. त्याने ज्युलिएटला थडग्यात नेताना डोळ्यांनी पाहिलं आणि इमानी नोकराने करायचं तेच केलं. घोड्यावर टाच मारली आणि मान्टुआ गाठलं. खोटी बातमी खऱ्या पत्राच्या आधी पोहोचली, कारण ठरलेला माणूस सोडून पत्र दुसऱ्याच्या हाती गेलं.

बातमी ऐकून रोमिओ ग्रहताऱ्यांनाच आव्हान देतो. पण मला त्याहून जास्त लागतो तो त्याचा साधा प्रश्न. ‘फ्रायरची काही पत्रं नाहीत का माझ्यासाठी?’ हे तो दोनदा विचारतो. दुसऱ्यांदा बाल्थझर ‘नाही’ म्हणतो. मग रोमिओ म्हणतो, ‘असू दे. जा, घोडे आण.’ बाल्थझर विनवतो, मालक, धीर धरा, तुमचा चेहरा बघवत नाही. रोमिओ धीर धरत नाही. त्याच्या मनात पत्राची शंका आली होती. ती त्याने दोन शब्दांत उडवून लावली. एक रात्र मान्टुआत काढली असती तर फ्रायरचं दुसरं पत्र आलं असतं.

विष तो घेतो एका फाटक्या औषधवाल्याकडून. रिकाम्या डब्यांचं दुकान, गालफडं बसलेला माणूस. मान्टुआत विष विकण्याला मृत्यूची शिक्षा आहे. रोमिओ ४० ड्युकॅट, म्हणजे सोन्याची नाणी, पुढे करतो. औषधवाला म्हणतो, हो म्हणतेय ती माझी गरिबी, माझं मन नाही. एवढ्या छोट्या भूमिकेत शेक्सपिअरने निवड या शब्दाचा अर्थच तपासून बघितला आहे. उपाशी माणसाची निवड कितपत त्याची म्हणायची?

थडग्यापाशी फुलं घेऊन पॅरिस आलेला असतो. त्याला कोणीच कधी काही सांगितलेलं नाही. रोमिओ थडग्याची विटंबना करायला आलाय, असं समजून तो त्याला अडवतो. रोमिओ विनवतो, मित्रा, जिवावर उदार झालेल्याला डिवचू नकोस, जा. पॅरिस ऐकत नाही आणि मरतो. आत ज्युलिएटकडे बघताना रोमिओ म्हणतो, की मरणाला तुझं रूप अजून जिंकता आलं नाही, तुझ्या ओठांवर आणि गालांवर लाली आहे. औषधाचा अंमल उतरू लागला आहे, ती जिवंत आहे, हे तो स्वतःच्या तोंडाने वर्णन करून सांगतो आणि त्याला कळत नाही. प्रेक्षागृहात या ओळीला लोक खुर्चीच्या कडेवर येतात.

फ्रायर येतो तो रोमिओ विष पिऊन मेल्यावर. ज्युलिएट जागी होते. तो तिला म्हणतो, चल, तुला साध्वींच्या मठात ठेवतो. तेवढ्यात पहारेकऱ्यांचा आवाज येतो. फ्रायर म्हणतो, आता थांबायची माझी हिंमत नाही. आणि निघून जातो. पहिल्यापासून या मुलीला ‘मी आहे’ म्हणणारा शेवटचा माणूस तिला दोन प्रेतांपाशी एकटीला सोडून जातो. चौथं दार. बाकीच्या निवडी मी समजून घेऊ शकतो. ही मला आजही सोसत नाही. तो थांबला असता, नुसता हात धरून बसला असता, तर पहारेकरी आत आले असते आणि ती मुलगी जिवंत सापडली असती.

हा शेवट पुष्कळांना असह्य झाला आहे. अठराव्या शतकातला लंडनचा मोठा नट डेव्हिड गॅरिक याने आपल्या प्रयोगात तो बदलला. रोमिओने विष घेतल्यावर, पण मरायच्या आधी ज्युलिएट जागी होते आणि दोघं बोलतात. तो प्रयोग पुढे बरीच वर्षं चालला. शेक्सपिअरने मात्र त्यांना ते बोलणं मिळू दिलं नाही.

पहाटे सगळं शहर थडग्यापाशी जमतं. माँटेग्यू सांगतो, की मुलाच्या हद्दपारीच्या दुःखाने माझी बायको रात्रीच गेली. मर्क्युशिओ, टिबाल्ट, पॅरिस, रोमिओ, ज्युलिएट आणि आता ही, सहा जीव. राजा स्वतःलाही सोडत नाही. तुमच्या भांडणाकडे मी डोळेझाक केली, म्हणून माझेही दोन नातलग (मर्क्युशिओ आणि पॅरिस) गेले, असं तो म्हणतो. कॅप्युलेट हात पुढे करतो. म्हणतो, भाऊ माँटेग्यू, हात दे, माझ्या मुलीसाठी सासरकडून एवढंच मागतो. लग्नाच्या देण्याघेण्याचा शब्द तो प्रेतांपुढे वापरतो. माँटेग्यू म्हणतो, मी त्याहून जास्त देईन, तुझ्या मुलीचा सोन्याचा पुतळा उभारीन. कॅप्युलेट म्हणतो, मग तिच्याशेजारी रोमिओचाही तितकाच भारी उभा राहील.

राजा जमलेल्यांना सांगतो, की काहींना माफी मिळेल, काहींना शिक्षा. कोणाला, ते तो सांगत नाही. ब्रुकच्या जुन्या काव्यात ती यादी होती. औषधवाल्याला फाशी झाली, दाईला हद्दपार केलं, फ्रायरला माफी मिळाली. दोन्ही बापांना काहीच नाही. शेक्सपिअरने ती यादी काढून टाकली आणि तिथे कोणाचंच नाव लिहिलं नाही.